तीन शहरं, एक बाण

कारखान्यात नोकरी करणाऱ्याला शहर मिळत नाही. पगार मिळतो, बस मिळते, दिवाळीला मिठाईचा पुडा मिळतो. शहर तेवढं ऑफर लेटरवर छापलेलं असतं. माझ्या लेटरवर 'पुणे' छापलं होतं. उदगीरला बाबांनी पेढे वाटले ते त्या दोन अक्षरांवर. रुजू व्हायच्या दिवशी खराडी बायपासला कंपनीच्या बसमध्ये बसले. वाघोली गेली, लोणीकंद गेलं, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला तेव्हा शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "पुणे अजून किती लांब आहे?" ती म्हणाली, "ते मागंच राहिलं की. आता रांजणगाव येईल."

यात एकट्या आमच्या कंपनीचं काही नाही, ही सगळ्या कारखान्यांची रीत आहे. चाकणची नोकरी पुण्याची म्हणून मिळते, बुटीबोरीची नागपूरची म्हणून, श्रीपेरुंबुदूरची चेन्नईची म्हणून. कारखान्याला शहराचं नाव हवं असतं, शहरातला जमिनीचा भाव नको असतो. सरकारचाही त्याला आशीर्वाद असतो. महाराष्ट्रात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिच्यात तालुक्यांची ए, बी, सी, डी अशी प्रतवारी लावतात आणि तालुका जितका मागे, तितकी कंपनीला सवलत जास्त देतात. त्याच तालुक्यात खोली घेऊन राहणाऱ्या इंजिनियरला कसली सवलत आहे का, हे मी एचआरला विचारून पाहिलं. ते हसले. एचआरचं हसणं हे लेखी उत्तर समजावं.

तर यंदा मी नोकरी बदलायचं ठरवलं आणि हातात तीन गावं आली. साणंद, होसूर आणि श्रीसिटी. कागदावर अर्थातच अहमदाबाद, बंगळुरू आणि चेन्नई. यातलं होसूर तमिळनाडूत आहे आणि बंगळुरू कर्नाटकात. श्रीसिटी आंध्रात आहे आणि चेन्नई तमिळनाडूत. म्हणजे नाव एका राज्याचं आणि हजेरी दुसऱ्या राज्यात. उदगीरच्या माणसाला याचं अप्रूप नाही. आमच्याकडे पाहुण्याला सोडायला निघालेला माणूस गप्पांच्या नादात कर्नाटकात पोचतो.

मी क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे कुठल्याही संकटाचा एफएमईए करतात. बिघाड किती गंभीर, किती वेळा होणार आणि वेळेआधी पकडणं किती अवघड, याला एक ते दहा आकडे द्यायचे आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. आकडा जितका मोठा तितकी भीती मोठी. फ्रिजच्या दाराचं रबर असो की कॉम्प्रेसरचा आवाज, सगळं यात बसतं, मग शहर का नाही बसणार? एका रविवारी मी तीन शहरांचा एफएमईए केला. साणंदच्या डाळीतला गूळ: गंभीरपणा आठ, रोज दोन वेळा म्हणून वारंवारता दहा, पण वासावरून आधीच कळतो म्हणून तिसरा आकडा एक. होसूरला भाषा. श्रीसिटीला ऊन. घरभाडं, डिपॉझिट, रात्री आठनंतर बसथांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता, सगळं भरलं. शेवटच्या रकान्याचं वजन मात्र एकदम निराळं निघालं. तो रकाना मी केलाच नव्हता, आईनं फोनवरून केला.

"तिथं आपलं कोण हाय?"

मराठी माणसाच्या लेखी शहराची एवढीच कसोटी आहे. मेट्रो असो वा नसो, आत्या असली पाहिजे. पुण्यात माझी एक आत्या आहे, सिंहगड रोडला. रांजणगावहून तिच्याकडे जाण्यापेक्षा शिरूरवरून पुढं नगर गाठणं सोपं, त्यामुळे मी तिच्याकडे दिवाळीला आणि ती आजारी पडली की जाते. पण आई रात्री निवांत झोपते ती तिच्या जिवावर. साणंदला आत्या नाही. श्रीसिटीला तर आत्याची कल्पनाही करवत नाही.

आत्याचं स्वतःचं मत आणखी सोपं होतं. "आता कशाला शहर शोधत बसलीस? लग्न ठरलं की गाव ठरेलच." माझा मावसभाऊ गेल्या वर्षी हैदराबादला गेला तेव्हा त्याला कुणी असं म्हणालं नाही. त्याला फक्त विचारलं, पॅकेज किती.

म्हणून लग्नाचा मार्गही चाचपून पाहिला. आईनं एक स्थळ पाठवलं होतं. 'मुलगा पुणे, स्वतःचा फ्लॅट.' फोनवर मी विचारलं, "पुण्यात कुठे?"

"नगर रोडला."

"नगर रोडला कुठे?"

"वाघोलीच्या थोडं पुढं."

"थोडं म्हणजे?"

"म्हणजे शिक्रापूर. चौकातून चाकणच्या बाजूला जरा आत." मग बराच वेळ शांतता. "तुम्ही कुठे असता?"

"मीही पुण्यातच," मी म्हटलं. "तुमच्या थोडं पुढं."

या बाबतीत वाघोलीकरांचं नशीब थोर. 2021 च्या जूनमध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली आणि त्याआधी 'मुलगा पुण्यात' म्हणून जमलेली सगळी लग्नं एका अधिसूचनेनं खरी ठरली. मेट्रो मार्च 2024 मध्ये रामवाडीपर्यंत पोचली, पुढं वाघोलीपर्यंत न्यायला 2025 च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरीही मिळाली. शिक्रापूरच्या स्थळांनी धीर धरावा.

शहर बदलायला घरचा खरा विरोध होता तो मात्र गणपतीमुळे. रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी. मोरगावपासून निघालेली यात्रा शास्त्राप्रमाणे इथं आठवी पोचते, पण टेम्पो ट्रॅव्हलरवाल्याला शास्त्राशी देणंघेणं नसतं, तो डिझेल बघतो. त्यामुळे माझे नातेवाईक वर्षातून केव्हाही, पहाटे केव्हाही येतात. खोलीत बायका चहा घेतात, मुलं बाथरूमसाठी रांग लावतात, कुणीतरी फोन चार्जिंगला लावतं आणि विसरतं, आणि ओझरला जायचं म्हणून अर्ध्या तासात सगळे निघून जातात. मी रांजणगाव सोडणार हे कळल्यावर चुलतकाकू कळवळून म्हणाल्या, "अगं, गणपतीच्या पायाशी आहेस, कशाला सोडतेस?" त्यात गणपतीची काळजी थोडी आणि बाथरूमची जास्त होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपनीतले लोक म्हणाले, शहर कशाला बदलतेस, फक्त खोली बदल, शिरूरला जा. शिरूर मला आवडतं. जुने लोक त्याला अजून घोडनदी म्हणतात, पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. मी मुंबई आहे, मी पुणे आहे, असलं काही ते सांगत नाही. बदलीवर आलेल्या माणसाला हे गाव किती मानवतं याचा तिथं एक नमुनाही आहे. इंग्रजांच्या छावणीतला कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी 1809 मध्ये शिरूरलाच वारला, आणि पुढं आसपासच्या गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. सुगीला त्याच्या थडग्यावर नव्या धान्याचा नैवेद्य ठेवायचे, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. नोकरीसाठी परगावी आलेल्या माणसाचं यापेक्षा चांगलं अप्रेझल माझ्या ऐकिवात नाही. पण त्यासाठी आधी तिथंच मरावं लागतं, आणि माझा नोटीस पिरियड दोनच महिन्यांचा आहे.

कारेगावच्या आमच्या मालकीणबाईंना हा सगळा प्रकार गमतीचा वाटला. त्यांच्या सासऱ्यांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या. एका खोलीत लातूर, दुसरीत नांदेड, पलीकडे बिहार, वरच्या मजल्यावर ओडिशा. त्या अंगणात म्हशीला वैरण घालता घालता म्हणाल्या, "तुम्ही पोरी शहर शोधत हिंडता. आम्ही कुठं गेलो नाही, तर शहरच बिऱ्हाड घेऊन आलं आमच्या दारात. भाडं पाच तारखेला."

एफएमईएत तिन्ही शहरांचे आकडे जवळपास सारखे आले, तेव्हा संकष्टी नसतानाही देवळात गेले. तिथली कथा लहानपणापासून ऐकलेली. त्रिपुरासुराची सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची अशी तीन पुरं होती. शंकराला ती काही केल्या जिंकता येईनात, मग त्यानं गणपतीची आराधना केली आणि एकाच बाणात तिन्ही पुरांचा निकाल लावला. ती आराधना झाली ती जागा म्हणजे रांजणगाव. मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, माझ्याकडेही तीन आहेत, सोन्याचं त्यात एकही नाही. गाभाऱ्यासमोरची रांग सरकत राहिली. मागच्या आजींनी पाठीवर थाप दिली, "पोरी, चल की पुढं."

बाण आला तो उदगीरहून, बाबांकडून. बाबा निवृत्त झाल्यापासून रेल्वेची वेळापत्रकं वाचतात, प्रवास क्वचित करतात. रांजणगावला रेल्वे नाही हे त्यांचं जुनं दुखणं. घरी यायचं तर मुंबई-बीदर गाडी पुण्याला नाहीतर दौंडला पकडायची, आणि दौंडला पोचेपर्यंत पोरगी निम्मी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फोन केला. "होसूरला स्टेशन हाय. बंगळुरूच्या यशवंतपूरहून लातूरला गाडी येती, बीदर, भालकी करत उदगीरवरून. गाडी बदलायची ती फक्त बंगळुरूला. आठवड्यातून काही दिवसच हाय, पण हाय." माझ्या एक्सेलमध्ये चौदा रकाने होते, त्यात रेल्वेचा नव्हता.

होसूर ठरलं. ऑफर लेटरवर 'बंगळुरू' छापून आलंय. उदगीरला या वेळी बाबांनी पेढ्यांऐवजी म्हैसूरपाक वाटला. नातेवाईकांना पर्याय म्हणून तिरुपती सुचवला आहे. होसूरहून तो काही शेजारी नाही, पण टेम्पो ट्रॅव्हलरवाला म्हणतो, जमवू.

एवढी एकच अडचण उरली आहे. आईचा रकाना अजून रिकामा आहे. वाचकांपैकी कुणाची होसूरला आत्या, मावशी, निदान जावेची बहीण राहत असेल तर कृपया कळवावं. मी त्यांच्याकडे जेवायला जाणार नाही, आईला फोनवर सांगायला नुसतं नाव पुरेल.