मिरज–कुर्डुवाडी, मामांसह

मामांना घेऊन कुठं जायचं तर एसटीनं जायचं, असा मामींचा जुना दंडक आहे. एसटीत मामा झोपतात. रेल्वेत ते ड्युटीवर असतात.

मामा गार्ड होते. त्यांची बरीचशी नोकरी कुर्डुवाडीच्या नॅरोगेजवर, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेवर गेली. ती लाइन उखडली, मामा निवृत्त झाले. पण या दोन्ही गोष्टी मामांना कुणी लेखी कळवल्या नसाव्यात. या वेळी कुर्डुवाडीला लग्न होतं आणि एसटीत जागा नव्हती, म्हणून आम्ही तिघं मिरजेला पॅसेंजरपाशी उभे होतो. म्हणजे मामी आणि मी उभे होतो. मामा गाडीच्या शेपटाकडे गेले होते.

"शेवटच्या डब्यावरची पाटी बघायला गेलेत," मामी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतायत."

त्या पाटीवर इंग्रजीत 'एल व्ही' लिहिलेलं असतं. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनमास्तरनं ती पाटी पाहायची. पाटी दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली. नाही दिसली तर निम्मी गाडी मागं कुठंतरी रानात उभी आहे. मामांनी पाटी तपासली, मान डोलावली आणि येऊन बसले. गाडी सुटायला आता त्यांची हरकत नव्हती.

आरग गेलं, बेळंकी गेलं. मामा खिडकीतून पाहत होते, पण त्यांना दिसत होतं ते वेगळंच. मिरजेत एकेकाळी तीन गेज होते. 1971 साली पुणे–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. लोंढ्याकडची गाडी मात्र पुढं कैक वर्षं मीटरगेजवरच धावली, आणि कुर्डुवाडीकडची नॅरोगेजवर. रुळांमधलं अंतर एकात 1,676 मिलिमीटर, दुसऱ्यात 1,000, तिसऱ्यात 762. एका गाडीतली पोती दुसरीत टाकायची तर हमाल लागायचे. "मिरजेच्या हमालांना तिन्ही डब्यांची उंची पाठ होती," मामा म्हणाले. "अंधारातसुद्धा पोतं बरोबर पडायचं."

ही बार्शी लाइट काढली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला तुकडा 1897 सालचा. पुढं 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरज. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, आणि डोंगर फोडत बसण्यापेक्षा वळसा स्वस्त पडतो. आमच्या गाडीची वळणं या काटकसरीतून आलेली. याच गृहस्थानं पुढं विलायतेत लीक आणि मॅनिफोल्ड नावाची तशीच रेल्वे बांधली. ती 1934 मध्ये बंद पडली. आमची त्यानंतर सत्तरेक वर्षं चालली. हे सांगताना मामांचा चेहरा असा होतो, की ती त्यांनी स्वतः चालवून दाखवली.

नंतर कॅलथ्रॉप रेल्वे सोडून पॅराशूट बनवण्याकडे वळला, आणि हे खरं आहे. 'गार्डियन एंजल' असं त्या पॅराशूटचं नाव. मामींचं यावर मत असं, की ढालगावच्या वळणावर एकदा गार्डाच्या डब्यात बसलं की पॅराशूट कसं सुचलं ते कळतं.

कवठेमहांकाळला चढलेल्या एका कॉलेजकुमारानं कानातली बोंडं काढून विचारलं, "आजोबा, या लाइनीवर म्हणे लोक चालत्या गाडीतून उतरून शेतातली बोरं खाऊन परत चढायचे?"

मामी माझ्याकडे पाहू लागल्या. मी छताकडे.

"ते शकुंतलेचं," मामा म्हणाले. "मूर्तिजापूरकडची. तिकडं जाऊन विचार. इथं असलं चालायचं नाही." मग थोडं थांबून, "चढावर उतरत असतील कुणी. पण तिकीट काढूनच उतरायचे."

चढावर चाकं जागच्या जागी गरगरायला लागली की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडायचा. त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटी असते. वाळू ओली निघाली तर पुढचा संवाद मामांनी मामींसमोर आजवर सांगितलेला नाही.

आणि आषाढी! डब्यात माणसं, दारात माणसं, मालाच्या वाघिणीत माणसं, टपावर माणसं. टपावरच्यांना खाली उतरवायचं काम गार्डाचं. मामा हिरवी झेंडी काखेत मारून डब्याखाली उभे राहून ओरडायचे, आणि वरून माउली माउली म्हणत एखादी म्हातारी त्यांनाच हात जोडायची. "अशा माणसाला नियम कसा वाचून दाखवणार?" मामा म्हणाले. हा प्रश्न मला बरोबर वाटतो. प्रवासी नसते तर ही रेल्वे वेळेवर धावली असती, असं मात्र मामांचं ठाम मत आहे.

जत रोडच्या पुढं गाडी रानात थांबली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मामांचा पाय हलायला लागला. "मागं कोण गेलं?" ते म्हणाले.

कुणीच गेलं नव्हतं, जायचं कारणही नव्हतं. सिग्नल नव्हता, एवढंच. पण अपघातानं वा बिघाडानं गाडी दोन स्टेशनांमध्ये अडकली, तर गार्डानं मागं चालत जाऊन रुळावर फटाके लावायचे असतात. ब्रॉडगेजवर 600 मीटरला एक आणि 1,200 मीटरला तीन, दहा-दहा मीटर अंतरानं. मागून येणारी गाडी त्यावरून गेली की बार उडतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. नॅरोगेजवर अंतर कमी, 400 आणि 800. "तिथं अर्ध्या तासात काम उरकायचं," मामा म्हणाले आणि चपला शोधू लागले. मामींनी त्या आधीच पिशवीत टाकल्या होत्या. गाडी सुटली.

सांगोल्यात मामा उतरून गार्डाला भेटून आले, ते खट्टू होऊन. तो मुलगा नम्र होता, तक्रार ती नव्हती. त्याच्याकडे पेटी नव्हती! झेंड्या, तीन रंगांचा हातदिवा, फटाके, कुलपं, नियमांचं पुस्तक, हे सगळं मावणारी ती पत्र्याची जड पेटी उचलायला वेगळा माणूस असायचा. आता चाकांची बॅग. शिवाय 2022 पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. "मॅनेजर!" मामा म्हणाले. "आणि बॅग स्वतः ओढतोय."

पंढरपूर, मोडनिंब. लातूरकडची नॅरोगेज 2008 साली गेली, मिरजेकडची त्यानंतर दोन-तीन वर्षांत. मला वाटलं, आता मामा ब्रॉडगेजला शिव्या घालतील. त्यांनी हिशेब मांडला.

2016 च्या एप्रिलात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून याच रुळांवरून पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला 10 टाक्या, सुमारे 5 लाख लिटर. पुढं 50 टाक्यांची गाडी, 25 लाख लिटर. म्हणजे एका टाकीत नुसतं पाणीच 50 टन. कॅलथ्रॉपच्या हिशेबानं चार आसांच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासकट 20 टनांची मुभा. "आम्हाला हे जमलं नसतं," मामा म्हणाले.

"म्हणजे ब्रॉडगेज चांगलीच की," मामी म्हणाल्या.

"पाण्यापुरती," मामा म्हणाले, आणि कुर्डुवाडी आल्यावर शेवटच्या डब्याची पाटी बघायला गेले.