तळपायाची आग

ऑस्टिन-हीली 3000 या गाडीत बसायचं नसतं, शिरायचं असतं. आधी एक पाय, मग पाठ, मग उरलेला मामा. भाच्याने माझ्या अंगठ्याला कोल्हापुरी अडकलेली पाहिली आणि म्हणाला, "मामा, बूट घाला हो. पाय भाजतील." जुलैतल्या उन्हात अख्खं इंग्लंड बूट काढून हिरवळीवर लोळत होतं, आणि आम्ही मोजे शोधत होतो.

निघालो अ‍ॅबिंग्डनहून. ही गाडी तिथलीच. 1959 ते 1967 या काळात वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनकडे तिचा सांगाडा बनायचा आणि अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यात जुळणी व्हायची. बॉनेटखाली सहा सिलिंडरचं 2,912 सीसीचं इंजिन, त्याच्या शेपटीशी आपले पाय, आणि पायांखालून सायलेन्सरची नळी. तीही इतकी खाली की गतिरोधक आला की भाचा डोळे मिटायचा. मी उघडे ठेवायचो, कुणीतरी रस्ता बघायला हवा ना!

"सगळी गाडी इन्सुलेट केलीय," तो सांगत होता. हिवाळाभर त्याने फरशीवर चंदेरी पाठीची ब्युटिल शीट रोलरने दाबून चिकटवली, वर नमदा, त्यावर गालिचा. गाडी माझ्या कपाटापेक्षा नीट अस्तर लावलेली. पण ब्युटिल मुख्यतः पत्र्याची थरथर आणि आवाज मारतं. चंदेरी थर उष्णता परतवतो खरा, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी हवी. दोन थरांमध्ये चेपला की तो फक्त महागडा दिसतो. तोही गालिच्याखाली, म्हणजे कुणाला दिसतही नाही.

बर्फर्डची हाय स्ट्रीट विंडरश नदीकडे उतरते आणि खालच्या अरुंद पुलावर सिग्नल आहे. तिथे रांगेत थांबलो, वारा थांबला, आणि समोरची फळी भाकरीचा तवा झाली. बुटाची टाच मऊ लागायला लागली. शेजारच्या बसमधल्या आजीबाई आमच्याकडे कौतुकाने बघून हात हलवत होत्या. मीही हलवला, पाय हलवायला जागा नव्हती.

पुढे स्टो-ऑन-द-वोल्ड कधी गेलं ते कळलं नाही. फिश हिलचा उतार उतरून ब्रॉडवेला पोचलो, तर पार्किंगमध्ये एक हीलीवाले आजोबा भेटले. त्यांनी अस्तराचं कौतुक वगैरे केलं नाही. बॉनेट उघडून आत पेटता टॉर्च ठेवला, आमच्या पायांच्या जागेवर घोंगडी ओढून आत डोकं घातलं, आणि हसत बाहेर आले. आम्हीही पाहिलं: स्टीअरिंगच्या दांड्याभोवती आणि वायरींच्या फाटक्या रबरांतून चांदणं पडलं होतं! इंजिनाची हवा तिथूनच आत येत होती. मग त्यांनी इंजिनाजवळचा हीटरचा कॉक चाचपला. अर्धा उघडा. भर जुलैत हीटरमध्ये उकळतं पाणी खेळत होतं.

भाच्याच्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनो, आधी हीटरचा कॉक बंद करा, मग भोकं बुजवा, मग नळीवर हवेची फट सोडून पत्र्याचा आडोसा लावा. अस्तर शेवटी. आणि मूळचं जुनं पुठ्ठ्यासारखं अस्तर सापडलं तर ते खरवडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका.