घाटापेक्षा सीमा महाग

जव्हार-मोखाड्यात पेट्रोल महाग का, असे विचारले की पहिले उत्तर तयार असते: घाटरस्ता, लांबचा डेपो, टँकरचे भाडे. पण त्याच डोंगररांगा ओलांडून दादरा-नगर हवेलीत उतरले की लिटरमागे दहा-बारा रुपये कमी पडतात. डेपोच्या अंतराने फरक पडतो तो पैशांत. रुपये लागतात ते सीमेच्या पाटीला. तिथे व्हॅट 12.75 टक्के. इथे 25 टक्के आणि वर 5 रुपये 12 पैसे.

राज्याला रस्ते, शाळा चालवायच्या असतात आणि केंद्राच्या मांडीवरच्या प्रदेशाशी त्याची बरोबरी कशी, हा आक्षेप रास्तच. मात्र वसुली कुणाकडून? जुलै 2024 मध्ये मुंबई-ठाण्याचा जादा एक टक्का उतरला. मोखाड्याचा दर जिथल्या तिथे. मलबार हिलची मोटार आणि खोडाळ्याची फटफटी आता एकाच दराने कर भरतात, यालाच समता म्हणायचे! 2015 साली दुष्काळाच्या नावाने लिटरमागे 2 रुपये अधिभार लागला. उन्हाळ्यात हंडे घेऊन वणवणणाऱ्या मोखाड्यानेही तो भरला. पेट्रोल जीएसटीत घ्या, म्हणजे वादच मिटेल, असे काही जण सुचवतात. जीएसटी 2017 पासून आहे. पेट्रोल अजून बाहेरच आहे, कारण ही कमाई ना केंद्राला सोडवते, ना राज्यांना.