वाटी रिकामी जात नाही

"पियूष! इथे नाही! अरे, इथे नाही म्हणते ना!"

सकाळी सातला भिंतीपलीकडून ही हाक आली की वरच्या मजल्यावरचा सहावीतला पियूष गॅलरीत येऊन ओरडतो, "काकू, मी दात घासतोय!" दसऱ्यापासून हे रोज चाललंय. कुत्र्याचं नाव ठेवताना इमारतीतल्या मुलांची यादी बघावी, हे कुणाला सुचलं नाही. पिल्लू आलं ते 'प्रकाश' उपाहारगृहात मिळणाऱ्या पियूषच्या रंगाचं, पिवळसर पांढरं, वर केशराची काडी पडावी तसे कान. मग दुसरं नाव काय सुचणार?

आमची आणि माईंची इमारत शेजारी-शेजारी. मध्ये छातीएवढी कंपाउंडची भिंत, तिच्यावर अर्धी आमची तगर, अर्धी त्यांची जास्वंद. दोन्ही घरं तळमजल्यावर, त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभं राहिलं की गप्पा सुरू. पलीकडच्या गल्लीत पुनर्विकास झाला, तिथे आता खाली गाड्या आणि वर माणसं. भिंतच नाही तर वाटी देणार कुठून?

तर परवा, तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, माईंची सून भिंतीशी आली. हातात माझी फराळाची वाटी नव्हती, त्यावरून कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"काकू, मी हरले. पंधरा दिवसांत शहाणा झाला होता तो, आणि आता पुन्हा हॉलमध्ये. ऐन दुपारी चारला."

"बाहेर नेत नाही ना अजून?"

"कशी नेऊ? लशींचा शेवटचा डोस राहिलाय. सोळा आठवडे पुरे होईपर्यंत डॉक्टर पाय जमिनीला लावू नका म्हणतात. मैदानाभोवती इतकी कुत्री, आणि पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो."

हे खरं आहे. समोर शिवाजी पार्कचं एवढं मोठं मैदान, १९२५ पासून सगळ्या मुंबईला मोकळं, आणि ह्या सव्वा किलोच्या जिवाला मात्र बंद. मैदानाची लाल धूळ तेवढी न बोलावता घरात येते. आमच्याकडे बारा महिने लादी पुसावी लागते, त्यात आता हे.

ती लशीला पिल्लाला परळला नेते. टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल' म्हटलं तर तो आरशातून बघत राहतो, 'बैलघोड्याचं हॉस्पिटल' म्हटलं की मीटर टाकतो. नाव पेटिटांच्या पत्नीचं. आवारातच १८८६ सालचं पशुवैद्यक महाविद्यालय. गिरण्यांच्या काळात बैल आणि घोडे घेऊन लोक यायचे, आता पिशवीतून पॉमेरेनियन येतात.

पॉमेरेनियन म्हटलं की आमच्या यांना राहवत नाही. वर्तमानपत्र बाजूला करून खिडकीतून म्हणाले, "पूर्वी हे कुत्रं चांगलं थोराड असायचं. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून एक लहान चणीचं आणलं, मार्को नावाचं, आणि तिथून बारक्यांची फॅशन सुरू झाली." यांना लादी कधी पुसावी लागली नाही, म्हणून इतिहास पाठ आहे. आमच्याकडे ती फॅशन १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने आणली, हे मात्र मी त्यांना ऐकवलं. त्या वर्षी दादरमध्ये ज्याच्या-त्याच्या घरी 'पॉम' आला होता. त्यातले बहुतेक खरे पॉमेरेनियन नव्हते, स्पिट्झ होते. टफीसुद्धा. पण कुणाला पडली होती?

"बरं, तू करतेस काय नेमकं?" मी विचारलं.

आणि खरं सांगते, पोरीने उत्तम केलं होतं. मागच्या गॅलरीत एका कोपऱ्यात वर्तमानपत्र. झोपून उठला की तिथे, जेवला की दहा-पंधरा मिनिटांनी तिथे, खेळून दमला की तिथे. पोटात काही पडलं की आतडी हलतात, ते माणसाचंही तसंच, फक्त आपण लपवायला शिकलोय. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास धरतं, आणि ही लहान जात, तिचं मूत्राशय लिंबाएवढं. म्हणून रात्री दोनला उठायचं काम नवऱ्याकडे. तो आयटीत आहे, अमेरिकेच्या वेळेने जागाच असतो. कागदावर झालं की लगेच, त्याच क्षणी, शाबासकी आणि एक दाणा. भलतीकडे झालं तर तोंडातून शब्द नाही, मुकाट्याने पुसायचं.

"कट्ट्यावरचे आजोबा तर म्हणाले, नाक घासा त्यात."

"कट्ट्यावर सचिनला बॅट कशी धरावी हे सांगणारेही होते," मी म्हटलं. पिल्लाला शिक्षेचा संबंध दोन मिनिटांपूर्वीच्या गोष्टीशी जोडता येत नाही. नाक घासलंत तर ते एवढंच शिकतं की हिच्यादेखत करायचं नाही. मग सोफ्यामागे जाऊन करतं. दुसरे एक सल्लागार म्हणाले, रात्री उपाशी ठेवा, सकाळी लादी कोरडी. ते तिने एकदा ऐकलं, आणि सकाळी पिल्लू टोपलीत मलूल, मान टाकलेली, पाय थरथरताहेत. एवढ्याशा देहात साखर साठवायला जागा कुठे? रिकामं पोट राहिलं की रक्तातली साखर झरकन उतरते. नशीब, माईंनी हिरड्यांना मध चोळला आणि डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात उड्या मारायला लागलं. तेव्हापासून चार महिने होईपर्यंत चार वेळा थोडं-थोडं जेवण, वेळ ठरलेली.

पुसायचं काय, तर फिनेल नाही. कामाच्या मावशींना हे पटवायला तिला आठवडा लागला. फिनेलच्या वासाशिवाय लादी पुसली असं त्यांचं मन मानत नाही. पण पिल्लू त्याच लादीवरून चालतं आणि मग तेच पाय चाटत बसतं, आणि ती औषधं त्यांना बाधतात. आणि अमोनियाचं काही असेल तर उलटाच प्रकार. त्याचा वास लघवीसारखा, मग पिल्लाला वाटतं, आपल्या आधी इथे कुणी जाऊन गेलंय, म्हणजे हीच ती जागा. आता व्हिनेगर आणि पाणी. हॉलमध्ये भेळेचा वास येतो, पण चालतो.

"मग बिघडलं कुठे?"

तिने आत जाऊन कालनिर्णय आणलं. भिंतीवरचं, खिळ्यासकट. ज्या चौकोनात आपण दुधाचा खाडा लिहितो, गॅसचा सिलिंडर लागला ते लिहितो, तिथे हिने पियूषचा हिशेब मांडला होता. कागदावर झालं तर बरोबरची खूण, भलतीकडे झालं तर गोल, गोलाशेजारी वेळ. दसऱ्याच्या आठवड्यात गोलच गोल, पौर्णिमेचा चंद्र शोधावा लागत होता. पुढे कमी होत गेलेले. आणि वसुबारसेपासून परत चार-चार-चार.

मी चष्मा लावला. बँकेत एकतीस वर्षं काढली, रकाना दिसला की माझी बोटं आपोआप खाली सरकतात.

"हे बघ. हा मंगळवार कोरा. आणि हाही."

"मंगळवारी काय असतं?"

"मंगळवारी माई सिद्धिविनायकाला जातात."

दोघी गप्प. आतून माईंचा कपबशीचा आवाज आला. साडेतीनचा चहा.

ती दबक्या पावलांनी आत गेली. मी भिंतीवरून जमेल तेवढी वाकले. (या वयात वाकू नये, पण काही गोष्टी समक्षच बघाव्या लागतात.) माई आरामखुर्चीत, बशीत चहा, चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्कीट, आणि खुर्चीपाशी मागच्या दोन पायांवर उभा पियूष, दत्ताच्या तसबिरीतून एक कुत्रं निसटून यावं तसा.

"आई!"

"एकच देते गं. त्याच्या तोंडाकडे बघवत नाही. आमच्या गावी कुत्री भाकरीवर वाढली, चहावर वाढली, कुणी मेलं नाही."

"ती वीस किलोची असतील, आई. हा सव्वा किलोचा आहे. ह्याच्यासाठी एक बिस्कीट म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी जेवणावर एक अख्खा बटाटेवडा. रोज. आणि दूध त्याला पचत नाही, चहा तर नकोच."

माई थोड्या ओशाळल्या. पण त्या माई आहेत, पंच्याहत्तर पूर्ण. "दूध पचत नाही? कुत्र्याला?" आईचं पचतं, गाईचं नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. दहीभात चालतो म्हटल्यावर जरा निवळल्या. दहीभात हा शब्द आमच्याकडे कुठल्याही भांडणात चालतो.

मी भिंतीवरून ज्ञान पाजळायला सुरुवात केली, थांबवणारं कुणी नव्हतंच. "माई, बेसनाचे लाडू खाली ठेवू नका हं, त्यात बेदाणे असतात. बेदाणा, मनुका, द्राक्ष, एकही नको, मूत्रपिंडं जातात. कांदा नको, लसूण नको. नातवाची चॉकलेटं वर ठेवा. कोंबडीचं शिजवलेलं हाड नको, ते तुटून टोचतं. आणि ठरलेल्या जेवणाशिवाय वरखाली काही म्हणजे काही द्यायचं नाही. पोटात वेळेवर गेलं तर बाहेर वेळेवर येणार. घरातल्या एकानेही नियम मोडला तर ते पिल्लू काय करील बिचारं?"

पियूषने तेवढ्यात एकदा भुंकून घेतलं. शिवाजी पार्क २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरलं, पण त्याला कोण नोटीस बजावणार?

माई म्हणाल्या, "बरं बाई. उद्यापासून नाही." आणि बशीतला उरलेला चहा स्वतः प्यायल्या.

मी समाधानाने आत वळले. गुन्हा उघड, गुन्हेगार कबूल, तोही पाच मिनिटांत. आमच्या यांना सांगायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात मागून हाक आली.

"काकू, एक राहिलंच."

ती अजून कालनिर्णय धरून उभी होती. बोट धनत्रयोदशीवर.

"चारचे गोल कळले. पण हे सकाळचे अकराचे, छोटे, हे धनत्रयोदशीपासून सुरू झालेत. मध्ये चार दिवस नाहीत. भाऊबीजेपासून पुढचे चार."

भाऊबीजेला मी पुण्याला भावाकडे गेले होते. चार दिवस.

आता काय सांगू? अकराला मी पोळ्या आटपून मागच्या दारात येते. तो जास्वंदीखाली त्यांच्या पायरीवर बसलेला असतो, आणि भिंतीच्या खालच्या भागात जिथे पागोळीचं पाणी जायला भोक ठेवलंय, तिथून नाक बाहेर. नुसतं नाक. काळं, ओलं. शंकरपाळी त्या भोकातून बरोबर जाते. मापाने केल्यासारखी.

"मैदा," ती म्हणाली. "तळलेला. साखरेचा."

"साजूक तुपातली होती," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

खिडकीत वर्तमानपत्र हललं. हे हसत होते.

ती काही बोलली नाही, आत गेली. मला वाटलं, रुसली. संध्याकाळी दिवेलागणीला भिंतीवर टक् असा आवाज झाला. माझी फराळाची वाटी. रिकामी वाटी परत करायची नाही, हा नियम तिला सासूने शिकवलाय. वाटीत मोजून दहा तपकिरी दाणे होते, पियूषच्या खाण्यातले, हरभऱ्याच्या डाळीएवढे.

"अकराला यातला एक," ती पलीकडून म्हणाली. "तोही गॅलरीतल्या कागदावर झाल्यावर. मी 'शाबास' म्हटलेलं ऐकू आलं की मग भोकातून. हे त्याच्याच आजच्या वाट्यातले काढलेत, वरचे नाहीत."

वाटी मी ओट्यावर डब्याखाली झाकून ठेवलीय. यांनी रात्री अंधारात चिवडा समजून त्यातले दोन खाल्ले, म्हणून आता आठच उरलेत. ते तिला कालनिर्णयात कुठल्या रकान्यात लिहायला सांगावं, याचा विचार करतेय.