झेंड्याचा कैदी, मुक्काम पोस्ट मूल

मी दहावीत असताना काकांनी नागपूरहून, सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून, एक इंग्रजी कादंबरी आणली. माझं इंग्रजी सुधारावं हा हेतू. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पण पानांच्या डोक्यावर नाव होतं : ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’. आजोबांनी चष्मा लावून ते एकेक अक्षर जोडत वाचलं आणि त्यांचा गळा दाटून आला. झेंड्याचा कैदी! 1923 सालचा नागपूरचा झेंडा सत्याग्रह त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या वेळी तुरुंगात जायचं त्यांच्या फार मनात होतं. पण ऐन वेळी धानाची रोवणी आली आणि देशसेवा राहून गेली. सत्याग्रहींवर थेट इंग्रजानंच पुस्तक लिहिलंय म्हटल्यावर ते म्हणाले, “वाच पोरा, मोठ्यानं वाच.”

मी वाचू लागलो. पहिल्याच पानावर एक वहिनी आपल्या रिकामटेकड्या दिराला, तू आयुष्यात काही करणार आहेस की नाही, म्हणून झापत होती. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “हे तर आपल्याच घरचं लिवलं आहे.” काकांनी विषय बदलला. पुढचे तीन दिवस आजोबा सत्याग्रहाची वाट बघत बसले. चौथ्या दिवशी त्या दिराची दाढी उतरवून त्याला राजाचे कपडे चढवले, तेव्हा त्यांचा धीर सुटला. “झेंडा कधी येते गा?” मला सांगावं लागलं की झेंडा हे गावाचं नाव आहे, तिथं किल्ला आहे, आणि किल्ल्यात राजा कोंडलेला आहे. त्यांनी चष्मा काढून त्याची घडी घातली. पुस्तकाशी त्यांचा संबंध तिथं संपला आणि माझा सुरू झाला.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनचा अँथनी होप हा पेशानं वकील. 1893 च्या नोव्हेंबरात एक खटला जिंकून घरी चालत येताना त्याला ही गोष्ट सुचली आणि 1894 मध्ये पुस्तक निघालं. (आमच्याकडचे वकील खटला जिंकून कुठं जातात ते मला माहीत आहे, तिथून कादंबरी निघत नाही.) रुरिटानिया नावाचं, नकाशात कुठंही नसलेलं राज्य. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री सावत्र भाऊ ब्लॅक मायकेल राजाला गुंगीची दारू पाठवतो. राजा आडवा. योगायोगानं हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा लाल केसांचा इंग्रज, म्हणजे तोच वहिनीनं झापलेला दीर, जंगलात झोपलेला आधीच सापडलेला असतो. त्यालाच मुकुट चढवतात. तिकडे खरा राजा झेंड्याच्या किल्ल्यात कैद होतो, इकडे खोट्या राजावर खऱ्या राजकन्येचं प्रेम बसतं. हे पुस्तक इतकं चाललं की अशा बनावट चिमुकल्या राज्यांच्या कादंबऱ्यांचं पीकच आलं, आणि रुरिटानिया हे सगळ्या जमातीचं नाव झालं.

हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या मूल गावात का घडू नये, या प्रश्नानं मला बरीच वर्षं छळलं. जंगल आहे, जंगलात विश्रामगृह आहे. सत्तेसाठी भांडणारे सख्खे-सावत्र भाऊ तर प्रत्येक गल्लीत आहेत. राज्य नाही म्हणून सात-बाऱ्यावर भांडतात. (इथलं एक आडनाव थेट मुंबईच्या सिंहासनापर्यंत गेलं आहे, पण त्यावर मी काही बोलणार नाही. मला गावात राहायचं आहे.)

अडचणी बारकाईनं पाहिल्यावर दिसतात. होपचा नायक जंगलात झाडाला टेकून खुशाल झोपतो. हे ताडोबाच्या शेजारी करून बघावं. कादंबरी तिथंच संपेल आणि वारसांना वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळेल. दुसरी अडचण दारूची. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती. म्हणजे त्या सहा वर्षांत भावाला गुंगीची दारू पाठवायची तर आधी दारू पैदा करण्याचंच कारस्थान रचावं लागलं असतं. ते रचणारे होते, आणि त्यांची कामगिरी पाहता ब्लॅक मायकेल अगदीच शिकाऊ वाटतो.

पण खरी अडचण तिसरी. मूलमध्ये तोतया होताच येत नाही. रुरिटानियात एक परका माणूस मुकुट घालून राजधानीतून मिरवतो आणि कुणी काही विचारत नाही. इथं बसस्टँडवर उतरल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, “कोनाचा गा तू?” बापाचं नाव सांगितलं की दुसरा, “म्हणजे मारोड्याच्या मामाकडला का?” चौथ्या प्रश्नापर्यंत तुमचं पणजोबांपर्यंतचं मूळ, आईचं माहेर आणि बहिणीचं मोडलेलं लग्न निघालेलं असतं. राज्याभिषेकाला पोचायच्या आधीच पानठेल्यावर कळलं असतं की हा राजा नाही, राजाच्या तोंडावळ्याचा आहे, आणि तोंडावळा कसा आला याबद्दल दोन मतं आहेत.

शिवाय तोतयांबद्दल आपल्या मराठी मुलखाचा अनुभव निराळा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, फौज जमवली, किल्ले घेतले, आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं. होपचा तोतया मात्र राजाला सोडवतो, राज्य परत देतो आणि स्वतःच्या घरी जातो. दरवर्षी एका डबीत लाल गुलाब येतो त्याला. आपल्याकडे ही व्यवस्था नव्हती.

मग नोकरीनिमित्त चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, जाणं-येणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की मी उगाच युरोपात हिंडत होतो. मूलपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर अख्खं राज्य पडलेलं आहे, आणि ते खरं आहे. फक्त कादंबरीत घातलं तर संपादक परत पाठवील. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा. अंगभर खांडकं. झरपट नदीचं पाणी अंगाला लागलं आणि बरा झाला. पुढं शिकारीला गेला तर कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागं लागलेला. कुत्रा पुढं, ससा मागं! राणी म्हणाली, ही जागा पराक्रमाची आहे, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं कोट बांधा. पिढ्यान्पिढ्या तो कोट बांधला आणि अजून उभा आहे. युरोपातल्या एकाही बनावट राज्याची हद्द सशानं आखलेली नाही.

त्या कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडक्यांपैकी एकीचं नाव चोर खिडकी, दुसरीचं मसाण खिडकी. होपनं झेंड्याच्या किल्ल्याला, राजाचं प्रेत गुपचूप खंदकात सोडण्यासाठी, एक जाडजूड नळ बसवला तर लोकांना काय कल्पनाशक्ती म्हणून कौतुक. आमच्या गोंड राजांनी नगररचनेतच चोराची सोय करून ठेवली आणि तिला पाटी लावली.

कारस्थानंही कमी नाहीत. बीरशहा हा राजा लग्नाच्या धामधुमीत, ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्याच तलवारीनं गेला, अशी कथा चांद्यात सांगतात. त्याच्यामागं राणी हिराईनं राज्य चालवलं, त्याची समाधी उभारली, महाकालीचं देऊळ बांधलं. होपची राजकन्या फ्लाविया पुस्तकभर डोळे पुसते. हिराईला तेवढी फुरसत नव्हती. आणि कैदी हवाच असेल तर शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा आहे. 1751 च्या सुमारास राज्य नागपूरकर भोसल्यांकडं गेलं आणि हा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेतच वारला. त्याला सोडवायला लंडनहून कुणी लाल केसांचा दीर आला नाही.

बंगाल्यांनी या बाबतीत हुशारी केली. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी झेंड्याचं ‘झिंद’ केलं आणि ते राज्य उचलून मध्य भारतात, म्हणजे आमच्या परसात, आणून बसवलं. 1961 साली तपन सिन्हांनी त्यावर सिनेमा काढला, राजा आणि तोतया दोन्ही उत्तमकुमार. हे शरदिंदु पुढं पुण्यात येऊन राहिले होते. झेंडा असा आपल्याकडं आणावा हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ही चूक आपण दुरुस्त करावी म्हणून निवृत्तीनंतर मी झेंड्याचं नाटक लिहिलं आणि वडशाला एका मंडळाच्या मालकांना नेऊन वाचून दाखवलं. झाडीपट्टी रंगभूमीचा कारभार ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. नाटक रात्री दहाच्या पुढं उभं राहतं ते उजाडेपर्यंत चालतं, त्यामुळं माझं अडीच तासांचं लिखाण ऐकून मालक म्हणाले, “हे तर मध्यंतरापर्यंतचं झालं. पुढं?” मग बदल सुचले. राजाला एक विसरभोळा नोकर दिला. दुसऱ्या अंकात लावणी घातली. किल्ल्यात लावणी कशी, असं विचारल्यावर मालक म्हणाले, कैद्याला करमणूक नको का? सावत्र भावाला पश्चात्ताप दिला. मी सगळं मान्य केलं, फक्त शेवट सोडायला तयार नव्हतो. तोतया राजकन्येचा निरोप घेतो आणि कायमचा निघून जातो, यातच तर सगळं आहे, असं मी कळवळून सांगितलं.

मालक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, लोकं रात्रभर थंडीत बसतात. पहाटे पाच वाजता त्यांना तुमी गुलाबाची डबी देऊन घरी पाठवता?”

तोतयाचं आणि राजकन्येचं लग्न लागलं. खऱ्या राजाला नोकराची बहीण मिळाली. पहिल्या प्रयोगाला पहाटे मांडवात अक्षता पडल्या तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती, आणि खरं सांगायचं तर होपचं चुकलंच, असं मलाही वाटलं.

नाटकाचं नाव मी ‘झेंड्याचा कैदी’ ठेवलं होतं. पंधरा ऑगस्टचं वाटेल म्हणून मालकांनी बदललं. पोस्टरवर आता ‘सिंहासन भावाचं, कुंकू माझं’ असं आहे, लेखकाच्या नावात एक काना कमी आहे. यंदा मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांच्या, दिवसांत या बाजूला आलात तर बघून जा. पहिली घंटा साडेदहाला होते, चादर आपली आपण आणावी.