कारवी आणि कोर्सवर्क

कारवीला फूल येतं सात वर्षांनी, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे पीएच.डी. उरकायची असते सहा वर्षांत. सह्याद्रीत इकॉलॉजी करू पाहणाऱ्यांची सगळी रडकथा या एका वर्षाच्या फरकात आहे, असं माझ्या भाचीचं मत. तिला आधी कारवीवरच काम करायचं होतं. गाइडनी शांतपणे विचारलं, "मागे कधी फुलली होती?" तिनं वर्ष सांगितलं. सरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे कारवी फुलेल तेव्हा तुझी फेलोशिप संपलेली असेल." फेलोशिप पाच वर्षं, मुदत सहा, कारवी सात. हा जिना कुणी मुद्दाम बांधला असेल असं नाही, पण चढायला अवघड आहे खरा.

नियमांत सवलती आहेत, नाही असं नाही. २०२२च्या नियमावलीप्रमाणे पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. म्हणजे बाईमाणसानं चिकाटी धरली तर दहा वर्षं झाली, आणि दहा वर्षांत कारवीचा एक बहर कुठेही गेला नाही. पण एका बहरावर सिद्धान्त कसा मांडणार? परीक्षक विचारणार, सॅम्पल साइझ किती? एक! बांबूचं तर नावच काढायला नको. मानवेल फुलतो कित्येक दशकांतून एकदा. त्यावर डॉक्टरेट करायची तर नोंदणी आजोबांनी करून ठेवावी आणि व्हायवाला नातवानं बसावं. अशा नोंदणीची तरतूद मात्र नियमावलीत मला सापडली नाही.

शेवटी भाचीनं दरवर्षी इमानानं फुलणारा विषय घेतला. सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरची, 'सीतेची आसवं' आणि त्यांच्याकडे येणारे कीटक.

विषय ठरला म्हणजे सगळं झालं असं समजणारे माझ्यासारखे भाबडे असतात. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, मग प्रवेश परीक्षा, मुलाखत. मग किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेचाही पेपर. अभयारण्यात पाऊल टाकायचं तर १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी. त्यांचं कार्यालय नागपूरला आणि कोयनेचं जंगल साताऱ्यात. पाऊस तेवढा कुणाची परवानगी न काढता येतो. आणि दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समिती, म्हणजे 'आरएसी'. तिच्यापुढे उभं राहून आपण काय केलं ते सांगायचं.

या आरएसीचं मला फार नवल वाटायचं. मग सुगरणीबद्दल वाचलं आणि उलगडा झाला. सुगरणीचा नर घरटं अर्धवट विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरते, इकडेतिकडे ओढून बघते. पसंत पडलं तर तो पुढचं बांधकाम करतो, नाही पडलं तर ते अर्धं घरटं तसंच लटकत राहतं. आरएसीचं कामकाज हुबेहूब असंच चालतं. फरक एवढाच, की एक घरटं पुरं झालं की नर दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. संशोधकाला तेवढी मोकळीक नाही.

सुगरणीचं हे बिंग फोडलं सलीम अलींनी, अलिबागजवळच्या किहीमला, १९३०च्या सुमारास. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतली जागा आधीच हुकलेली. पुढे विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिल्या ते सोडा. आजच्या नियमांनी त्यांना साधा प्रवेश अर्ज भरता आला नसता. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांनाही नाही. पहिली पदवी हातात नसताना केंब्रिजनं त्यांना थेट पीएच.डी.ला घेतलं होतं. ही उदाहरणं ऐकली की नियमांवर तोंडसुख घ्यायचा मोह होतो, पण मी घेणार नाही. एका सलीम अलींमागे माझ्यासारखे शंभर असतात. पक्षी दिसला की 'वा!' म्हणतात आणि वही काढत नाहीत. क्रेडिट आणि समित्या आहेत त्या आमच्यासाठी.

माझी तक्रार वेगळी आहे. खऱ्या अटी नियमावलीत छापलेल्याच नाहीत. मी एकदा भाचीबरोबर सड्यावर गेलो होतो. पाऊस आडवा येत होता. तिनं नळाच्या प्लॅस्टिक पाइपचा एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन खडकावर ठेवला. याला क्वाड्रॅट म्हणतात. चार कोपऱ्यांना खुणेचे झेंडे, कडेनं सुतळी. मग उकिडवी बसली. त्या मीटरभर जागेत बोटाच्या पेराएवढी निळी-जांभळी फुलं शेकड्यांनी, मधूनमधून दवबिंदूची चिकट तांबडी पानं, एका खळग्यात पाणगेंद. ती एकेक मोजत होती आणि पेन्सिलीनं लिहीत होती, कारण शाई पावसात वाहून जाते. नंतर नुसतीच बघत बसली. पंधरा मिनिटांत कोण कीटक येतो याची नोंद करायची होती. कुणी आलं नाही. तिनं शून्य लिहिलं आणि चौकोन उचलून पुढे गेली. मी म्हटलं, "अगं, हे फुकट गेलं की." ती म्हणाली, "मामा, शून्य हासुद्धा आकडा असतो." एव्हाना माझ्या मोज्यात दोन जळवा शिरल्या होत्या. तिनं तंबाखूची पुडी पुढे केली. खाण्यासाठी नाही, जळवांना लावण्यासाठी.

मग गावातल्या अटी. टेप आणि झेंडे घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे गाव एकाच नजरेनं बघतं: जमीन मोजायला आली. "रिसॉर्ट होणार काय गं इथं?" असं एका आजींनी विचारलं. फुलं मोजते हे उत्तर त्यांना अधिकच संशयास्पद वाटलं. कोण फुलं मोजतं? पण चहा झाला, दुसऱ्या वर्षी पुन्हा झाला, आणि मग त्याच आजींनी सांगितलं की धाकटा पोटात होता त्या साली कारवी फुलली होती आणि पुढे तो शाळेत गेला तेव्हा पुन्हा. कुडाच्या भिंती कारवीच्या, हिशेबही कारवीचा. हा डेटा कुठल्या रकान्यात भरायचा ते कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत.

आणि म्हैस. दुसऱ्या पावसाळ्यात आजींच्या म्हशीनं सात नंबरचा क्वाड्रॅट झेंड्यांसकट खाल्ला. भाची आधी रडली. सर म्हणाले, "रडू नकोस, लिहून ठेव." चराई बंद केली की फुलं वाढतात, की उंच गवत माजून त्यांनाच झाकून टाकतं, हा सड्यांवरचा जुना वाद आहे. आता चरलेल्या आणि न चरलेल्या जागांची तुलना हे प्रबंधाचं चौथं प्रकरण झालंय. ऋणनिर्देशात म्हशीचं नाव घालायला समिती राजी नाही. मला ते अन्यायाचं वाटतं.

पुढचं सगळं शिरस्त्याप्रमाणे. सबमिशन, वाङ्मयचौर्याची तपासणी, बाहेरचे दोन परीक्षक, व्हायवा, आणि प्रबंधाची प्रत 'शोधगंगा'वर. तिथे तो कुणालाही फुकट वाचता येतो.

एक विनंती मात्र आत्ताच करून ठेवतो. सप्टेंबरात तुम्ही कासला किंवा दुसऱ्या कुठल्या सड्यावर जाल. तिथे सुतळीचा चौकोन दिसला तर वळसा घालून जा. फोटो बाहेरूनही चांगला येतो. शेजारी कुणी उकिडवं बसलेलं असेल तर काय चाललंय ते जरूर विचारा, पण पंधरा मिनिटं थांबून विचारा. मध्येच बोललात तर तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.