मेव्हण्याचं वर्कशॉप

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ‘जीएम’चे पूर्वी दोनच अर्थ होते. एक, कंपनीतले जनरल मॅनेजर, ज्यांची गाडी गेटवर आली की वॉचमन आधी उभा राहतो आणि मग जागा होतो. दुसरा, तळेगावची जनरल मोटर्स. ती २००८ साली आली, २०२० च्या डिसेंबरात लाइन बंद करून गेली, आणि आता तिथे ह्युंदाईचं राज्य आहे. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या क्वालिटीवाल्या काकांनी पेपरात ‘जीएम वांगे’ वाचलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “गाडीला वांगं नाव कोण ठेवतं रे?”

काका एकतीस वर्षं क्वालिटीत होते. नोकरी सुटली, पण डोक्यातलं गो-नो-गो गेज सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते जिलेबीचे वेढे मोजतात. मी त्यांना समजावलं, की काका, गाडी नाही, खरंच वांगं आहे. मातीतल्या बीटी नावाच्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलंय. शेंडेअळीनं वांगं खाल्लं की अळी मरते. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीनं ते केलं, आणि त्या महिकोत अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीची २६ टक्के भागीदारी होती. जोडीला धारवाड आणि कोइमतूरची कृषी विद्यापीठं होती, अमेरिकेच्या मदतीचा पैसा होता आणि कॉर्नेल विद्यापीठाचा हात होता.

“बरं. इन्स्पेक्शन कोणी केलं?”

“कंपनीनं चाचण्यांचे अहवाल सरकारला दिले.”

“तो सप्लायरचा रिपोर्ट झाला. आपलं इनवर्ड कुठाय?”

सांगितलं, की सरकारनं तज्ज्ञ समिती नेमली होती. तिनं होकार दिला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये वांगं पास झालं. फक्त एक बारीकशी गोष्ट होती. ज्या सरकारी संस्थांनी या वांग्याच्या कामात हात घातला होता, त्यांच्यातलेही शास्त्रज्ञ तपासायला बसले होते.

काकांनी चष्मा काढला. “म्हणजे मेव्हण्याचं वर्कशॉप!”

हा शब्द पुणे-नाशिक रस्त्याच्या फार पलीकडे कळणार नाही, म्हणून फोड करतो. चाकणच्या एखाद्या कंपनीत एक परचेस मॅनेजर असतो. त्याचा मेव्हणा भोसरीत दोन लेथ टाकतो. अचानक कंपनीला जाणवतं, की आपल्याला हवा तसा बुश अख्ख्या पट्ट्यात या दोनच लेथवर निघतो. पुढे ऑडिट येतं, सगळं उघडं पडतं आणि साहेब ‘वैयक्तिक कारणास्तव’ घरी बसतात. दिल्लीत मात्र याच व्यवस्थेला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात आणि तिच्यावर परिषदा भरतात. जेवण उत्तम असतं म्हणे.

पुढची गोष्ट तर काकांना फारच आवडली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, आपल्या नागपुरातही घेतली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला स्थगिती दिली. मग त्यांनी देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांना मत विचारलं. सहा अकादम्या! म्हणजे देशातली झाडून सगळी बुद्धी एका टेबलाशी. सप्टेंबरात अहवाल आला, की वांगं मर्यादित प्रमाणात सोडायला हरकत नाही. वाचता वाचता लोकांच्या लक्षात आलं, की यातला काही मजकूर जसाच्या तसा एका लेखातला आहे. लेख होता स्वतः बीटी वांगं घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचा. आणि त्याचं मूळ निघालं बायोटेक कंपन्यांच्या देणग्या घेणाऱ्या एका संस्थेच्या प्रकाशनात. अकादम्यांना अहवाल दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला.

“कालची चेकशीट बघून आजची भरली,” काका म्हणाले. “थर्ड शिफ्टची पोरं करतात. पण ती बिचारी निदान झोपेत असतात.”

आता कुणी म्हणेल, कंपन्यांचा नाद सोडा, सरकारी शास्त्रज्ञांनी स्वतःचं बियाणं काढावं. काढलं की! नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या वाणाचं देशी बीटी काढलं. संकरित नव्हे, सरळ वाण. शेतकऱ्यानं घरचं बी राखून पुन्हा पेरावं, दर साली पाकिटासाठी दुकानाच्या पायऱ्या झिजवू नयेत, असा मोठा विचार. २००९ च्या हंगामात ते बाजारात आलं. आणि तपासणीत त्यात काय निघालं? मोन्सँटोचं जनुक. विक्री थांबली, चौकशीला सोपोरी समिती बसली, २०१२ साली तिचा अहवाल आला. बारसं स्वदेशी थाटात झालं, पाळण्यात डोकावून पाहिलं तर चेहरा शेजाऱ्यासारखा!

काकांनी मात्र यात विनोद मानला नाही. “ट्रेसेबिलिटी गेली,” एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले.

त्यांच्या गप्प बसण्याला कारण आहे. काकांचे वडील एच.ए.त होते. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ सालची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारनं पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचा कारखाना उभा केला. तिथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन शोधलं. डाळिंबावर तेल्या आला की बागायतदार ज्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुडीकडे धावायचे, ती पुडीही एच.ए.ची. तिथला शास्त्रज्ञ कोणाचा माणूस, हा प्रश्नच पडत नसे. तो सरकारचा माणूस. पगार सरकारचा, कारखाना सरकारचा, आणि पुडी शेतकऱ्याची. पुढे त्याच एच.ए.त पगार महिनोन्‌महिने थकले आणि जमीन विकून देणी भागवायची वेळ आली. आपल्या कृषी विद्यापीठांतही रिकाम्या खुर्च्यांवर धूळ बसलीय. ज्या प्रयोगशाळेत मशीन दुरुस्तीची फाइल दोन वर्षं टेबलं हिंडते, तिथे कंपनीचा माणूस प्रकल्प आणि चेकबुक घेऊन येतो. शास्त्रज्ञ त्याला चहा देणार नाही तर काय पाणी मारून हाकलणार? मलाही कुणी विचारलेलं नाही म्हणून मी अजून स्वतंत्र आहे.

शेतकरी अर्थात शास्त्रज्ञ आणि कंपनी यांच्या सोयरिकीसाठी थांबलेला नाही. विदर्भात तो ‘चोरबीटी’ लावून मोकळा होतो. २०१९ साली अकोल्याकडे शेतकरी संघटनेनं हे बिनपरवाना बियाणं जाहीर कार्यक्रम करून पेरलं. इथे चाकणला तर प्रश्नच मिटलाय. पीक एकच, कंपनी. वाण जर्मन, कोरियन, देशी, जे मिळेल ते. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाचं केंद्र आहे, तिथून भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण असे वाण निघाले. नाव अजून नदीचं आहे. प्रायोजकाचं झालं नाही ना, याची मी अधूनमधून जाऊन खात्री करून येतो.

परवा काका मला मंडईत घेऊन गेले. भरल्या वांग्यांचा बेत होता. वांगी एकेक उचलून, देठ दाबून, भोक आहे का बघून त्यांनी अर्धा किलो निवडली. मग भाजीवालीला विचारलं, “मावशी, माल कुणी तपासला?”

“तपासायचं काय त्यात? घरचाच माल हाये. माझा भाऊ पाठवतो चाकणवरनं.”

“आणि बाजारात बघून कोण घेतं?”

“मालक.”

“म्हणजे तुमचा भाऊ त्यांचा…”

“मेव्हणाच की!”

काकांनी पिशवी उलटी केली आणि वांगी एकेक करून परत टोपलीत ठेवायला लागले.